दगाभाऊंची टोळी

जानेवारी १९९४ मध्ये दगा नथ्थू शिरसाठ आमच्या टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले, तेव्हा त्यांच्यामागे अकरा माणसं उभी होती. नावं लिहून घेताना लक्षात आलं की अकरापैकी सात जणांचं आडनाव शिरसाठच आहे.

"सगळे एकाच घरचे का?" मी विचारलं.

"घरचेच, भाऊसाहेब. राहिलेले चौघं बायकोच्या माहेरचे. कामाला कमी, खायला जास्त. पण ठेवावे लागतात, नाहीतर मला भाकर मिळायची नाही."

मागचे चौघे खो खो हसले. त्यांना हे नवीन नसावं.

दगाभाऊ शिंदखेडा तालुक्यातले. घराण्याचा धंदा विहिरी खोदण्याचा. आजोबांनी खोदलेल्या विहिरी त्यांना गावासकट पाठ होत्या. पुढे खेडोपाडी बोअरिंगच्या गाड्या आल्या, विहिरी कोणी खोदेना. एक्याण्णव साली बायको शोभाबाई आणि गोपाल, कुंदन हे दोन मुलगे घेऊन ते सुरतेला आले आणि बमरोलीत खोली घेऊन राहिले. गावचे बहुतेक लोक लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवर, गेले. दगाभाऊंनी मुलांना लूमवर जाऊ दिलं नाही. "तिथं गेली की पोरं शेटची होतात. माझी राहत नाहीत," असं ते म्हणत. टोळी एकत्र राहावी आणि ती पुढे मुलांच्या हाती जावी, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. त्यासाठी ते कितीही कमी दरात काम घेत.

आमची कंपनी फ्रेंच. कास्तेरां नावाच्या कुटुंबाची. मूळ पुरुष एका नदीकाठच्या गावात धक्क्याच्या भिंती बांधायचा. त्याच्या मुलांनी पूल बांधले, नातवांनी बंदरं, विजेच्या तारा, पाण्याची केंद्रं. चौथ्या पिढीत चार चुलतभावांकडे चार शाखा होत्या. त्र्याण्णव साली हजिऱ्याला एका जेटीचं काम घेऊन ही मंडळी सुरतेत आली. तेव्हा आमच्या ऑफिसात टेबलं सहा होती. पंचाण्णवमध्ये कडोदऱ्याकडे पाइपलाइनचं काम मिळालं, शहाण्णवमध्ये कारखान्यांना नदीचं पाणी देण्याचं, मग केबल टाकण्याचं. टेबलं चाळीस झाली. माणसं मात्र त्या वेगाने मिळाली नाहीत. नवं काम निघालं की जुन्या कामावरची माणसं आणि यंत्रं उचलून तिकडे पाठवायची, हीच पद्धत पडली. त्या बदल्यांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावरून जात.

दगाभाऊंची टोळी कंपनीच्या डोळ्यांत भरली ती चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात. प्लेगच्या भीतीने अर्धं शहर गाड्या भरून पळालं. आमच्या साइटवर तीनशेपैकी चाळीस माणसं राहिली, त्यांत हे बारा. मी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? दगाभाऊ म्हणाले, "गावाला गेलो असतो तर टोळी फुटली असती. निम्मे परत आलेच नसते." त्यानंतर विहिरीचं कोणतंही काम निघालं की साहेब लोक आधी त्यांना बोलवायचे.

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर तापीच्या काठाला मोठी विहीर उतरवायला घेतली. नदीचं पाणी या विहिरीत यायचं आणि पंपाने कारखान्यांकडे जायचं. पद्धत अशी की काँक्रीटचं जाड कडं जमिनीवर ओतायचं, आतली माती माणसांनी खोदून काढायची, म्हणजे कडं आपल्या वजनाने खाली बसतं. मग वर दुसरं कडं ओतायचं. खाली खोदणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि वर तोंडाशी दोर धरणारा एक माणूस. खाली गोपाल, वर कुंदन. शिरसाठांमध्ये दोर घरच्याच माणसाने धरायचा, बाहेरच्याने नाही. गोपाल आतून दोर कसा हलवतो यावरून त्याला बादली हवी, पाणी हवं की वर यायचंय, हे कुंदनला न बोलता कळे.

ऑक्टोबरात चौघा चुलतभावांपैकी एकाचा मुलगा, ऑलिव्हिए कास्तेरां, साइट बघायला आला. वय तिशीचं. विहिरीच्या तोंडाशी त्याने विचारलं, हे दोघे कोण? मी इंग्रजीत सांगितलं, सख्खे भाऊ. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, त्याच्या आजोबांच्या काळात त्यांच्या घरातले दोन भाऊ असेच एका खड्ड्यात गेले होते. एक खाली गुदमरला, दुसरा त्याला काढायला उतरला. तेव्हापासून त्या कुटुंबातली दोन माणसं एका विमानातदेखील बसत नाहीत. त्याने तिथेच ठरवलं की खाली आणि वर एका घरची माणसं नकोत. मी ते दगाभाऊंना समजावून सांगितलं.

दगाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "त्याला विचारा, त्यांच्या घरात दोर कोण धरतं?"

मी विचारलं. ऑलिव्हिएने सांगितलं, "परका. कारण परका वर थांबतो आणि मदत बोलावतो. भाऊ थांबत नाही."

"परका थांबतो म्हणे," दगाभाऊ मला म्हणाले. "थांबतोच की. विडी ओढत थांबतो."

पण कंपनीचा नियम लेखी झाला आणि त्यावर त्यांची सही घ्यावी लागली. सही करताना ते एवढंच म्हणाले, "पोरं एका साइटवर राहतील ना? मग चालेल." कुंदनला काँक्रीटच्या कामावर टाकलं आणि टोळी सगळी नात्यातलीच, म्हणून दोरावर भगवान नावाचा परभणीकडचा माणूस आला. शांत, रुंद खांद्यांचा. सुरुवातीला गोपाल मुद्दाम दोर उलटसुलट हलवायचा आणि भगवानने पाण्याऐवजी घमेलं सोडलं की खालून शिव्या यायच्या.

"अरे मराठवाड्या, तहान लागलीय, घमेलं प्यायचं का?"

"पी की! तुमच्याकडं पाण्याला घमेलंच म्हणत असतील!"

महिन्याभरात दोघांचं जमलं. गोपालच्या मुलीच्या बारशाला भगवान आणि त्याची बायको रुक्मिणी बमरोलीला जेवायला गेले. कुंदनचं लग्न तेव्हाच ठरलं, नंदुरबारच्या जयश्रीशी. तारीख जूनमधली. दगाभाऊंचा विरोध मावळला नव्हता, पण ते मला म्हणाले, "माणूस वाईट नाही. आता त्याला हलवू नका म्हणजे झालं."

एप्रिल सत्त्याण्णवमध्ये पाइपलाइनच्या कामाला माणसं कमी पडली. कडोदऱ्याहून मागणी आली. मी बारा जणांची बदली काढली, त्यात भगवान होता. त्याच आठवड्यात आमचे पाण्यात बुडवायचे दोन विजेचे पंपही तिकडे गेले. त्यांच्या जागी डिझेलचा पंप आला. पण डिझेलचा पंप वरून फार खोलचं पाणी ओढत नाही, म्हणून विहिरीच्या आत, वीस फुटांवर, फळ्यांचा माचा बांधून तो त्यावर बसवला. पावसाळ्याआधी विहीर खडकाला टेकवायची होती. ते बारा नावांचं पत्र आणि पंपांची चिठ्ठी, दोन्हींवर माझी सही आहे.

दगाभाऊ दुसऱ्याच दिवशी आले.

"भाऊसाहेब, दोरावर माणूस द्या."

"आठ दिवस थांबा. नवीन भरती होतेय."

"काम थांबवू का आठ दिवस?"

"काम कसं थांबवता येईल?"

ते निघून गेले. पुढच्या शनिवारी हजेरीचं पत्रक आलं. विहिरीच्या रकान्यात गोपाल शिरसाठ, त्याखाली कुंदन शिरसाठ. मी ते वाचलं. नियमाची आठवण मला झाली. आठ दिवसांचा प्रश्न आहे, असं मनाशी म्हणून मी पत्रक फाइलला लावलं. भरती झालीच नाही. असे तीन शनिवार गेले.

नऊ मे रोजी सकाळी पंप तासभर चालवून पाणी उपसलं आणि तो बंद केला. दहाच्या सुमारास गोपाल उतरला. डिझेलच्या धुरातला विषारी वायू आत साचला होता. दिसण्यासारखा नव्हता. वीसेक मिनिटांनी कुंदनने दोर ओढून पाहिला, खालून उत्तर आलं नाही. तो वाकून बघू लागला. गोपाल भिंतीला टेकून बसलेला दिसला, दमून बसावा तसा. कुंदन ओरडला, "आबा! दादा बोलत नही!"

दगाभाऊ तेव्हा दोनशे फुटांवर सळया उतरवून घेत होते. गुजराती क्रेनवाला भाईदास जवळ होता. तो "थोभ, थोभ!" म्हणत धावला. त्याने नंतर चौकशीत सांगितलं की कुंदनने मागे वळूनही पाहिलं नाही. "मना भाऊ शे तठे!" माझा भाऊ तिथं आहे, एवढं म्हणाला आणि लोखंडी शिडीने खाली गेला. अर्ध्यावर त्याचे हात सुटले.

दगाभाऊ पोचले तेव्हा भाईदासने त्यांना मागून कवेत घट्ट धरलं. दगाभाऊंनी त्याच्या हाताला चावा घेतला, तरी त्याने सोडलं नाही. "ऊभा रो, दगाभाई, ऊभा रो! त्रीजो नथी जवा देवो!" तो रडत ओरडत होता. थांबा, तिसरा जाऊ देणार नाही. काँप्रेसरची नळी आत सोडून हवा भरायला चाळीस मिनिटं लागली. मग दोघांना वर काढलं. आधी कुंदनला, कारण तो गोपालच्या वर पडला होता.

शोभाबाईंना आणायला मी जीप घेऊन बमरोलीला गेलो. त्या आणि गोपालची बायको सुषमा दाराशी गहू निवडत होत्या. मी म्हणालो, अपघात झालाय. शोभाबाईंनी विचारलं, "कोन? गोपाल का कुंदन?" मी जीपचं मागचं दार उघडून दोघींना बसा म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना कळलं.

चौकशी झाली. ऑलिव्हिए आला, या वेळी आपल्या वडिलांबरोबर. ते दोघे वेगवेगळ्या दिवशी पोचले. दगाभाऊंना समोर बसवलं. मी भाषांतराला होतो.

"नियम माहीत होता?"

"होता."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मग मुलाला दोरावर का ठेवलं?"

मी प्रश्न मराठीत सांगितला आणि वाट पाहिली. ते माणूस मागायला आले होते, मी आठ दिवस म्हणालो होतो, तीन पत्रकं माझ्या फाइलला होती. हे सगळं ते सांगतील असं मला वाटलं. दगाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मला बरं वाटलं. दोघं एकत्र दिसले म्हणून बरं वाटलं. महिनाभर मी कुणाला पुन्हा विचारलं नाही."

मी ते तसंच भाषांतर करून सांगितलं. त्यात माझं काही जोडलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की मुकादमाने नियम मोडला. पंपाविषयी एक ओळ होती. भगवानच्या बदलीविषयी काही नव्हतं. ते लिहिणं माझं काम होतं. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, नोकरी हवी होती. हे कारण मी सांगतो, पण ते पुरत नाही.

विहीर दुसऱ्या टोळीने जूनमध्ये खडकाला टेकवली. पाणी वेळेवर सुरू झालं. त्या वर्षी कंपनीला आणखी दोन विहिरींची कामं मिळाली आणि खोदणारे सापडेनात. तेव्हा साहेबांनी मला दगाभाऊंकडे पाठवलं. त्यांनी पुन्हा टोळी उभी करावी, आता सगळे पंप विजेचे असतील, दर वाढवून देऊ.

मी बमरोलीला गेलो. खोलीत सुषमा नव्हती, मुलीला घेऊन ती माहेरी गेली होती. शोभाबाईंनी पाणी आणून ठेवलं आणि आत गेल्या. दगाभाऊंनी निरोप ऐकून घेतला. मग म्हणाले, "गावाला जाऊन बघतो."

त्यांनी हो म्हटलं याचं मला नवल वाटलं. आठवड्याने ते ऑफिसात आले, खिडकीशी, एकटे.

"काय झालं?"

"सख्ख्या भावाच्या घरी गेलो. त्याची दोन पोरं आहेत. वहिनीने जेवायला वाढलं आणि पोरांना शेजारी पाठवून दिलं. पुढच्या घरीही तसंच. कोणी नाही म्हणालं नाही, भाऊसाहेब. मी दारात दिसलो की पोरं मागच्या दाराने निघून जायची."

"मग आता?"

"बरं झालं," ते म्हणाले. "एखादा आला असता तर मी त्याला घेऊन आलो असतो."

त्यांनी टोळीचं नाव कमी करण्याचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आणि खाली सही केली. सध्या ते बमरोलीतच एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कापडाच्या गाड्या ढकलतात. शोभाबाई त्याच ठिकाणी घडी घालायच्या कामावर आहेत. दोघांची पाळी वेगळी असते, त्यामुळे घरी दोघं एकाच वेळी फारसे नसतात.