आक्काच्या डाव्या जबड्याचा फोटो

हे लिहायला बसले आहे ती वैतागून, घाबरून नाही, हे आधीच सांगते. इथले चकव्याचे, पिंपळाखालच्या बाईचे अनुभव मी दुपारी डबा खाता खाता वाचते, हसते आणि डबा धुवून कामाला लागते. माझं कामच माणसांच्या हाडांचे फोटो काढण्याचं. इतक्या वर्षांत स्क्रीनवर इतके जबडे बघितलेत, की भूतबित काही असतं तर एखादं तरी मशीनवर हनुवटी टेकून उभं राहिलं असतं! पण एक गोष्ट घडली आहे, ती मी डोळ्यांनी बघितली आहे, आणि ती कुणालाही ऐकून घ्यायची नाहीये... म्हणून इथे.

मी बेळगावात टिळकवाडीला एका डेंटल सर्जनच्या दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन आहे. राहायला हिंडलग्याला. आमच्याकडे पूर्ण जबड्याचा फोटो काढायचं मशीन आहे, ओपीजी म्हणतात त्याला. पेशंटने उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, प्लास्टिकची काडी दातांत धरायची आणि हलायचं नाही. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका फोटोत सपाट पसरलेला दिसतो.

यात एक कटकट असते — धातू. कानात डूल राहून गेला, की त्याची एक पुसट छाया फोटोत विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते. नवख्या माणसाला वाटेल, हाडातच काही आहे. म्हणून कानातलं, नाकातलं, गळ्यातलं सगळं उतरवून घ्यावं लागतं. आणि आमच्या भागात मंगळसूत्र उतरवायचं म्हटलं की झालंच... "नवरा भाईर बसलाय आनि मी गळा मोकळा करू व्हय?" यावर वाद घालून घालून मी थकले. शेवटी ड्रॉवरमध्ये हळकुंडं आणि पिवळा दोरा आणून ठेवला. आधी दोऱ्यात बांधलेलं हळकुंड गळ्यात घालायचं, मग मंगळसूत्र काढायचं. बायका खूश, फोटो स्वच्छ. आमचे सर्जन, म्हणजे सर, आधी हसले होते, आता हळकुंडं संपली की स्वतः रविवार पेठेतून आणायला सांगतात.

आता आक्का. माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली. ती आणि दाजी तिथे एक लहानशी खानावळ चालवतात. तिच्या उजव्या गालाखाली सूज आली, तर बाईसाहेबांनी कित्येक महिने मिठाच्या गुळण्या केल्या, लवंग धरली, मिश्री लावली. दाजींचं निदान ठरलेलं — अक्कलदाढ. मी फोनवर ओरडून ओरडून दमले. शेवटी गाल इतका वर आला, की जेवायला येणारी गिऱ्हाइकंच विचारायला लागली, तेव्हा कुठे दोघं बेळगावला आली.

तिचा फोटो मीच काढला. हळकुंड बांधलं, मंगळसूत्र काढलं, नाकातली चमकी काढली. डूल मी माझ्या हाताने काढले आणि ठेवायला वाटी सापडेना म्हणून माझ्याच मुठीत धरले. बटण दाबलं तेव्हाही ते मुठीतच होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला सगळ्यांनी यावरूनच वेड्यात काढलं आहे.

स्क्रीनवर फोटो आला. उजवीकडे अपेक्षेप्रमाणे मोठी काळी पोकळी. आणि डावीकडे, जबड्याच्या कोपऱ्याशी, दुसरी. लहान, दोन फुगवट्यांची, मध्ये आवळलेली. भुईमुगाची शेंग असते ना, अगदी तशी. कड पेन्सिलने काढल्यासारखी. पुसट नाही, वर सरकलेली नाही, जिथे हाड असतं तिथेच, हाडाच्या आत.

आक्का माझ्या खांद्यावरून बघत होती. "ही शेंग कसली गं?"

मी सरांना हाक मारली. ते आले, चष्मा वर करून बघितलं. "डूल काढले नव्हते काय?"

मी मूठ उघडून दाखवली. ते म्हणाले, "मग हलली असेल. परत घ्या."

परत घेतला. उजवीकडे तीच पोकळी. डावीकडे काही नाही! कोरं, भरीव हाड. मला वाटलं, मशीन बिघडलं. सरांनी थ्री-डी स्कॅन करायला लावला, त्यात जबड्याचा पापुद्रा न् पापुद्रा दिसतो. उजवीकडे पोकळीत आडवी पडलेली अक्कलदाढ, डावीकडे काहीच नव्हतं. मग पहिला फोटो 'खराब' म्हणून सरांनी डिलीट केला. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, एका पेशंटच्या नावावर चांगला आणि वाईट असे दोन फोटो ठेवत नाहीत, नाहीतर ऑपरेशनच्या दिवशी घोटाळा व्हायचा. पद्धत बरोबर आहे. पण आता त्या पद्धतीला मी रोज शिव्या घालते.

दुसऱ्या कुणाचा फोटो मिसळला असेल, असं म्हणणाऱ्यांसाठी — त्या दिवसाचे आणि आदल्या दिवसाचे सगळे फोटो मी उघडून बघितले. तशी शेंग कुणाच्याही जबड्यात नव्हती. मशीन कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला. मशीन ठणठणीत!

उजवीकडे सरांनी सुई घालून आतलं ओढून बघितलं, तर पाण्याऐवजी पांढरट, दाट काहीतरी आलं. तेव्हाच ते म्हणाले, ही साधी गाठ दिसत नाही. भूल देऊन ऑपरेशन झालं. दाढ काढली, गाठ अस्तरासकट सोलून काढली, पोकळीच्या भिंतींना औषध लावलं. तपासणीत निघालं केराटोसिस्ट. कॅन्सर नव्हे, पण मोठी चिवट जात. आतून हाड पोखरत जाते आणि काढली तरी परत यायची खोड असते. उशीर झाला तर जबड्याचा तुकडाच कापून पट्टी बसवावी लागते. आक्काचं नशीब, हाड वाचलं. काही आठवडे पेज आणि मऊ भात, खालचा ओठ जरा बधिर, बाकी ठीक.

ऑपरेशनच्या आधी मी सरांच्या खूप मागे लागले होते. "सर, भूल देताच आहात तर डावीकडेही जरा उघडून बघा."

"शुभाताई, स्कॅनमध्ये हाड चांगलं दिसतंय. जो फोटो चुकीचा होता त्याच्यासाठी मी तिचा चांगला जबडा फोडू?"

त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण ती शेंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, आणि मला राग येत होता तो नेमका कुणावर, हेच कळत नव्हतं.

या गाठीला पुढे कित्येक वर्षं फोटो काढून लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या खेपेला आक्का मुकाट आली. उजवीकडे हाड भरत होतं, डावीकडे स्वच्छ. दुसऱ्या खेपेला तेच. मग दाजींनी सुरू केलं. "शुभा, दुखनं हुतं उजवीकडं. ते गेलं न्हवं? मग दर बारीला खानावळ बंद ठिवून तिला डावीकडचा फोटू काढाय कशाला न्ह्यायची?"

"सर सांगतात म्हणून, दाजी."

"सर उजवीकडचं बघतात. डावीकडचं खूळ तुझं हाय."

खरंच होतं ते. सर म्हणायचे, आता वर्षाने या. मी म्हणायचे, सहा महिन्यांनी. आईसुद्धा मला म्हणाली, बहिणीच्या जिवाला घोर लावू नको. पुढच्या खेपेला आक्का आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "लई झालं गं आता. मी बरी हाय. तुझ्या डोस्क्यातलं काढ." मी फोनवरच कडाडले, तिने फोन ठेवला. पुढे बरेच दिवस आम्ही बोललो नाही. पाठच्या बहिणी आम्ही, एका ताटात जेवलेल्या... आणि भांडण कशावरून, तर कुठेच नसलेल्या एका फोटोवरून!

शेवटी मीच निपाणीला गेले. खानावळीत दुपारची गर्दी, आक्का भाकऱ्या थापत होती. मी चुलीशेजारी बसले आणि सरळ रडायलाच लागले. वाढणं सोडून दाजी बघत राहिले. आक्का हात धुवून आली, म्हणाली, "ऊठ. येतो उद्या. पर ह्यो शेवटचा."

दुसऱ्या दिवशी आली. हळकुंड, चमकी, डूल, सगळं नेहमीसारखं. मी बटण दाबलं.

डावीकडे शेंग होती.

तीच. त्याच कोपऱ्यात, दोन फुगवटे, मध्ये आवळलेली. उजवीकडे छान भरलेलं हाड. सूज नाही, दुखणं नाही, आक्काला काही जाणवतही नव्हतं. आणखी एक-दोन वर्षं गेली असती तर काय झालं असतं, ते सर नंतर स्वतःच म्हणाले, जबड्याचा तुकडा काढावा लागला असता.

मी म्हटलं, "सर, हीच ती. पहिल्या फोटोतली."

सरांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "एकाच माणसाला अशा जास्त गाठी होऊ शकतात." त्याचा एक आनुवंशिक प्रकार असतो, तो त्यांनी तपासून घेतला. तो निघाला नाही. ठीक आहे, दुसरी गाठ झाली, मान्य! पण ती व्हायच्या आधी फोटोत कशी आली?

"ते डूलच होते, शुभाताई."

"सर, माझ्या मुठीत तुम्ही बघितले होते!"

"बिडरी," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सर कानडी आहेत, बिडरी म्हणजे सोडून द्या. माणूस चांगला आहे. आक्काची डावी बाजूही त्यांनीच साफ केली, हाड वाचवलं. पण त्या एका शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळे हेच म्हणतात. दाजी म्हणतात, वाचली न्हवं, मग झालं. आई म्हणते, देवीनेच दाखवलं, खानापूरला जाऊन ओटी भर. मला ओटी भरायची नाहीये. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवंय, की हो, तू बघितलंस ते होतं.

ऑपरेशननंतर पंधरवड्याने आक्काला भेटायला गेले. ती पेज पीत होती. दाजी बाजारात गेले होते. वाटी खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "शुभा, पयल्या फोटूत उजवीकडंबी काळं हुतं न्हवं?"

"होतं की. त्याचंच तर तेव्हा ऑपरेशन झालं."

"आनि औंदाच्या फोटूत उजवीकडं?"

"काही नाही. हाड भरलंय तिथलं."

"मग त्यो पयला फोटू औंदाचा न्हवं."

मी म्हटलं, "उजवी बाजू तेव्हाची असेल, डावी आत्ताची."

"एका फोटूत दोन दिस कसं मावतील गं?"

दोन्ही बाजू एकदम काळ्या असण्याचा दिवस आक्काच्या जबड्यात अजून तरी उजाडलेला नाही. जो उजाडला नाही तो कधी उजाडेल, की तो फोटो म्हणजे दोन वेळांची खिचडी होती, हे मला कोण सांगणार? मशीनची माहिती असलेल्यांनी खाली जरूर लिहा. पण 'बिडरी' म्हणू नका.

आक्का आता फोटोला यायला कुरकुर करत नाही. या वेळची तारीख तिनेच फोन करून मागून घेतली, दाजींनीही तोंड उघडलं नाही. पुढच्या महिन्यात ती येईल, हनुवटी टेकवेल, काडी दातांत धरेल. बटण मीच दाबणार आहे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला स्क्रीनकडे बघायचं नाहीये.