बिनफुलाचं मडकं

मी लग्न होऊन देऊळघाटात आले तेव्हा आमच्या आणि रंगराव कुंभाराच्या घरात एकच भिंत होती, आणि ती इतकी पातळ की तिकडच्या फोडणीनं इकडे शिंका यायच्या. मग भांडण ऐकू येणार नाही असं कसं होईल? नवी नवरी, कोणाशी बोलायची चोरी, मी चुलीपुढे बसून तेच ऐकत होते.

"मडक्याले फूल काऊन पाह्यजे?" रंगराव भाऊजी ओरडत होते. "फुलानं पाणी गार होते का?"

"नाई होत," त्यांची बायको सोजराबाई म्हणाली. "तुमच्या मिशीनं तरी काय गार होते? ठेवलीच ना?"

"माती मी तुडवतो, चाकावर मी बसतो, भट्टीच्या धगीत मी भाजतो. अन् बाजारात बाया काय म्हनतेत? सोजराबाईचं मडकं द्या!"

"मंग तुमी मिशीचा ठसा मारत जा."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर सासूबाईंनी विचारलं असतं की चुलीत हसण्यासारखं काय दिसलं.

त्या भांडणाचं मूळ म्हणजे बाभळीच्या लाकडाचा एक ठसा. मुठीत मावेल एवढा. पाच पाकळ्या आणि मधे एक ठिपका. सोजराबाई लग्न होऊन माहेराहून, जानेफळहून, निघाली तेव्हा तिच्या मायनं ओटीत घातलेला. मडकं अर्धवट वाळलं की सोजराबाई डावा हात आत घालायची आणि बाहेरून ठसा दाबायची. ते फूल कशाचं, हे कोणालाच सांगता यायचं नाही. कोणी कपाशीचं म्हणायचं, कोणी कन्हेरीचं. तिला विचारलं तर म्हणायची, "जानेफळचं."

त्या दिवशी भांडण मिटलं ते वाटणी होऊन. भट्टीतली अर्धी मडकी फुलाची, अर्धी बिनफुलाची. बाजारात काय ते कळेलच, असं भाऊजी म्हणाले. कळलं. फुलाची मडकी दुपारच्या आत उठली आणि भाऊजींची मडकी परत येऊन दारातल्या निंबाखाली तशीच पडून राहिली.

आता यात खरं तर कोणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण त्याच आठवड्यात गल्लीतला एक म्हातारा गेला. तिरडी बांधायची घाई, कोणीतरी धावत आलं आणि निंबाखालचं हाताला लागलं ते मडकं उचलून नेलं. मागोमाग दुसरी एक म्हातारी गेली, तिच्यासाठीही तिथलंच. झालं! पंचायत बसली नाही, कोणी काही ठरवलं नाही, पण गावाच्या डोक्यात पक्कं बसलं की बिनफुलाचं मडकं मसणातलं. बाया मडकं घ्यायच्या आधी चारी बाजूंनी फिरवून फूल शोधू लागल्या. ठसा कुठे नीट उमटला नसेल तर म्हणायच्या, "हे आजारी मानसाच्या घरी दे व." आणि एक दिवस भाऊजींनीच स्वतःच्या पिण्याच्या मडक्यावर गुपचूप फूल मारून घेतलं.

"माह्याच हातचं मडकं," ते माझ्या नवऱ्याला सांगत होते, "अन् मलेच त्यातलं पानी गोड लागत नाई."

तेव्हापासून दर भट्टीत दोन-चार मडकी बिनफुलाची निघायची आणि मागच्या छपरात कुटाराखाली, गुरांच्या भुशाखाली, राहायची. ज्या घरी माणूस जाईल तिथे सोजराबाई त्यातलं एक स्वतः घेऊन जायची, बोलावण्याची वाट पाहायची नाही. उंबऱ्याशी मडकं ठेवायचं, बोलायचं नाही, तिथला चहा घ्यायचा नाही, मागे वळून पाहायचं नाही. पैसे कोणी विचारले नाहीत आणि तिनं सांगितले नाहीत. परत येताना मात्र माझ्या दारी थांबायची, हातपाय धुवायची, पाणी प्यायची आणि मग सगळं बोलून घ्यायची.

अशी वर्षं गेली. फ्रीज आले, मडकी कमी झाली. मग तिच्या सुनेनं, वंदनानं, बचत गटात साबण करायला सुरुवात केली. हळदीचा, कडुनिंबाचा. चांगला होता साबण, पण दिसायला खव्याच्या ढेपेसारखा. वंदना सासूला म्हणाली, "मामी, यावर तुमचं फूल मारून द्या ना."

"साबनावर?" सोजराबाई म्हणाली. "मडक्यावरचं फूल मडकं फुटेलोक रायते. साबनावरचं दोन आंघोळीत मोरीत. माह्या मायनं मोरीसाठी देल्लं का ते?"

सुनेनं मनधरणी केली. मग सोजराबाईनं तोड काढली, फूल इतकं खोल दाबायचं की साबण झिजून चिपटी झाली तरी दिसलं पाहिजे. हाताला तेल लावून, जीभ दाताखाली धरून ती एकेक वडी दाबायची. फूल असं उठून दिसायचं की लोकांना साबण ओला करवेना. कोणी कपाटात ठेवला, कोणी देवघरात. वंदना कपाळाला हात लावून म्हणायची, "मामी, जरा वाईट मारा ना. साबन सरूनच नाई राह्यला, तं लोकं दुसरा घेतीन कसे?"

मी घेतलेला साबण मीही कपाटातच ठेवला होता. उगाच कशाला खोटं बोला.

मागच्या वैशाखात मोठं काम आलं. आमच्या गावच्या रेवतीचं लग्न धामणगाव बढ्याला होतं. नवऱ्या मुलाच्या आत्या, बुलढाण्याच्या वासंतीताई, त्यांनी फुलाचा साबण कुठेतरी पाहिला आणि सांगितलं की पाहुण्यांना हाच द्यायचा, मातीच्या छोट्या पणतीत ठेवून, पणतीवरही तेच फूल. पणत्या झाल्या. साबणाच्या वड्या कापून झाल्या. आणि ठसा मारायच्या दिवशी वंदनानं पाहिलं की ठशाच्या पाकळ्यांत जुना साबण अडकलाय. तिनं तो स्वच्छ व्हावा म्हणून उकळत्या पाण्यात टाकला.

बाभूळ झाली तरी ती किती सोसणार? कडकन आवाज आला. ठसा उभा चिरला, दोन पाकळ्या इकडे, तीन तिकडे.

वंदना रडली. सोजराबाईनं पाण्यातून दोन्ही तुकडे काढले आणि पदरानं पुसले. माय केव्हाच गेलेली, जानेफळात आता तिचं कोणी उरलं नव्हतं. माहेरचं म्हणून तेवढं फूलच होतं. ती ओट्यावर बसली, दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन. भाकर दिली तर म्हणाली, "कुत्र्याले टाक."

वंदनानं उपाय करायचे ते केले. भेंडी आडवी कापून तिचा ठसा मारून पाहिला. फूल उमटलं, पण साबणाला तार सुटली. "लग्नात काय भेंडी वाटता?" मी म्हटलं. मग तिनं वासंतीताईंना फोन लावला.

"अहो, साधेच द्या ना," फोनमधून आवाज आला. "साबणच तर आहे, फुलाचं काय एवढं?"

सोजराबाईनं फोन हातात घेतला. "ताई, अर्धा मांडव आमच्या गावचा राहीन. मसनातून आल्यावर आंघोळ करतेत, तो बिनफुलाचा साबन मी लग्नात वाटू का?"

ताईंनी फोन ठेवून दिला.

आणि वड्या तर वाळत चालल्या होत्या. ओली फडकी झाकून ठेवली होती, पण एकदा दगड झाल्या की कोणताच ठसा बसणार नव्हता.

संध्याकाळी रंगराव भाऊजी माझ्या दारात उभे. एका हातात मातीचा गोळा, दुसऱ्यात राखेची पुडी.

"वहिनी, तुमच्या रांजनाचं फूल धड हाय का अजून?"

"आहे की. काऊन?"

"उसनं पाह्यजे."

आमचा रांजण माझ्या लग्नाच्या वर्षीचा, त्या भांडणाच्याही आधीचा. भाऊजी गुडघ्यांवर बसले, फुलाला राख लावली आणि मातीचा गोळा त्यावर असा दाबला की जणू रांजणाचं पोट दुखतंय आणि हे शेकतायत. माती अलगद काढली. रांजणावर फूल खोलगट होतं, मातीवर ते उठून आलं. पाच पाकळ्या, मधे ठिपका. एक तडकला तर दुसरा असावा म्हणून तसे तीन-चार काढले.

"भाऊजी, तुमाले तं हे फूल कधी आवडलंच नाई."

"आवडून काय करायचं?" ते पाकळ्यांवरची राख फुंकत म्हणाले. "गावातल्या घराघरात हाय ते. सोजरा तिथं बसून अशी रडते, जसं एकच होतं."

चुलीच्या कडेला सुकवून, गोवऱ्यांत भाजून त्यातला एक ठसा धड निघाला. भाऊजींनी तो सोजराबाईच्या पुढ्यात ठेवला. तिनं फिरवून पाहिला.

"लहान झालं."

"माती भाजली का आटते. तू नाई आटली?"

"तुमची मिशी पन आटली," सोजराबाई म्हणाली आणि भाकर मागितली.

लग्न झालं. आमच्या गावच्या बायांनी साबण हातात घेतला की आधी चारी बाजूंनी फिरवून पाहायचा. धामणगावच्या लोकांना वाटलं, देऊळघाटवाले तारीख पाहूनच वस्तू घेतात, मोठे हुशार! तेही फिरवून पाहू लागले.

सोजराबाई आता नाही. त्याच वर्षीच्या कार्तिकात झोपेतच गेली. त्याच्या चार-सहा दिवस आधी आमच्या गल्लीतल्या सरस्वतीबाई गेल्या होत्या. मी दारात उभी होते, तर ही कुटाराखालचं मडकं काखेत घेऊन निघालेली. उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिलं, चुकून फूल तर नाही ना. उंबऱ्याशी ठेवलं. घरच्या सुनेनं, "काकू, च्या..." म्हटलं, तिनं हातानंच नको केलं आणि मागे न पाहता परत फिरली.

माझ्या दारी आली, दगडावर बसली. "अंबे, साबन दे व."

मी मोरीतली दुकानची हिरवी वडी दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"माह्या बोटायचे पेरं दुखले ठसे मारून मारून. तुह्यावाला कुठी हाय?"

मी कपाटातला काढून दिला. तिनं तो ओला केला, हात धुतले, पाय धुतले, फेसाकडे पाहिलं. मग साबण पदराला पुसला, अंगठा फुलावर फिरवला.

"पाह्य. गेलं का?"

"नाई गेलं."

"मंग वापरत जाय," ती म्हणाली. रांजणातलं तांब्याभर पाणी प्यायली, सरस्वतीबाईंच्या सुनांमधली कोण रडत होती आणि कोण नुसतेच डोळे पुसत होती ते सगळं सांगितलं, आणि घरी गेली.