पाठपुराव्याच्या भेटी

ती आमच्या समुपदेशन केंद्रात आली तेव्हा तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. नवऱ्याच्या थपडेनं पडदा फाटला होता. सासर मुरूमच्या पुढं, लहानशा गावात. मी नवऱ्याला आणि सासूला बोलावून घेतलं, तिला त्यांच्यासमोरच बसवलं आणि विचारलं, "ताई, नांदायला जायचंय ना?"

"व्हय," ती म्हणाली. पुढंही मी जे जे विचारलं त्याला ती व्हयच म्हणाली.

समेट झाला की बाईची ओटी भरून पाठवायची, ही पद्धत केंद्रात मीच सुरू केली होती. खण-नारळ कपाटात कायम असायचे. मला त्याचा अभिमान होता. नारळ काढता काढता माझ्या सहकारी बाई हळूच म्हणाल्या, "सर, एकदा तिला एकटीला विचारू या का?"

"मॅडम, तुम्ही सोयरीक जुळवणाऱ्या का मोडणाऱ्या?" मी मोठ्यानं म्हणालो. सगळे हसले. नवराही हसला.

त्यानंतर दर महिन्याला मी पाठपुराव्याला जायचो. अंगणात माझ्यासाठी खुर्ची टाकली जायची. शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सासू म्हणायची, "आमच्या सुनंची वळख लई मोठी बया! सायेब घरला येतेत." ते मला कौतुक वाटायचं. ती चहा घेऊन यायची. सगळ्यांदेखत मी विचारायचो, "बरं चाललंय ना?" माझा प्रश्न तिला नीट ऐकू तरी जातो का, हेही मी कधी पाहिलं नाही. तिची मान हलली की वहीत 'समाधानकारक' लिहून निघायचो.

यंदा धाराशिवला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. आघात सोसलेल्या माणसाशी कसं वागावं, कुठं बसवावं, काय विचारू नये, याचं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मारणाऱ्यासमोर विचारलं की भ्यालेलं माणूस मारणाऱ्याला हवं तेच उत्तर देतं. एवढं कळायला मला वीस वर्षांची नोकरी आणि वर प्रशिक्षण लागलं. सगळे लिहून घेत होते. मी तिच्या नावापुढचे 'समाधानकारक' मोजत होतो.

गावातल्या आशा सेविकेला सांगून आम्ही तिला आरोग्य उपकेंद्रात भेटलो, तिच्या धाकट्या लेकीच्या लसीच्या दिवशी. सासू शेतात होती. सहकारी बाई तिच्याशी आत बोलल्या, मी बाहेर थांबलो. थोड्या वेळानं तीच दारात आली.

"सायेब, तुमी येत जाऊ नका."

"का?"

"तुमची गाडी गेली की दार लावतेत."

"पण तू तर काहीच सांगितलं नव्हतंस!"

"न्हाय सांगितलं तरी. च्या देताना वर का बघितलं म्हून मारतेत."

मी तक्रारीचं बोललो, आधारगृहाचं बोललो. ती पोरीचं टोपडं नीट करत राहिली. "तवा तुमच्या हापिसात घरच्याइतकंच तुमचं भ्या वाटलं," ती म्हणाली. "आता न्हाय जमायचं. तुमी फकस्त येऊ नका." सहकारी बाईंनी कागदावर नंबर लिहून दिला. तोही तिनं परत केला. सापडला तर?

मी जात नाही. तिनं माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट आहे. त्या घरात काय चाललंय, हे आता मला कळायला मार्ग नाही. मार थांबला नसणार. माझ्यामुळं बसायचा तेवढा कमी झाला असेल.