कोपऱ्यातली रिकामी चौकट

आमच्या कुलकर्णी मॅडम सॉफ्टवेअरचा आराखडा काढताना कोपऱ्यात एक चौकट रिकामी ठेवत. म्हणायच्या, "काहीतरी विसरलेलं असतंच." आज त्यांचे जुने आराखडे नव्या फॉरमॅटमध्ये आणताना मी सगळ्या आवृत्त्या ओळीने उघडल्या. प्रत्येकीत ती चौकट जराशी सरकलेली होती, जणू भरल्या घरात कुणी बसायला जागा शोधतंय. नव्या फाइलमध्ये मात्र ती कुठेच नव्हती. शेजारची नेहा म्हणाली, "कशालाच जोडलेली नव्हती ना, म्हणून गळली. काही अडणार नाही." खरंच काही अडलं नाही. मॅडम वारल्या तेव्हाही दुसऱ्या दिवशी ऑफिस वेळेवर सुरू झालं होतं. तरी त्या कोपऱ्यात दुसरं काही मांडायला माझा हात धजत नाही.