दहा बोटांचे आजोबा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या आजोबांइतकं बोलणारा माणूस झाला नाही, आणि गप्प बसण्यासाठी त्यांच्याइतके कष्ट घेणाराही झाला नाही. माझे वडील तिथे वॉचमन, त्यामुळे गेटजवळच्या खोलीतून मला सगळं ऐकू यायचं. ऐकू न येण्याची सोयच नव्हती. आजोबांची नात सई दोन महिने आधीच जन्मली होती. "अशा मुलांना बोलायला कधी कधी वेळ लागतो, तिच्याशी भरपूर बोला," असं डॉक्टर म्हणाले आणि आजोबांनी ते फारच मनावर घेतलं. तिला कडेवर घेऊन ते विजेचं बिल वाचून दाखवत, टाकी धुण्याची नोटीस समजावून सांगत, मेथी निवडताना एकेका काडीची ओळख करून देत. "अजून बोलत नाही का हो?" असं कोणी विचारलं की म्हणत, "आधी तिच्या वयातून दोन महिने वजा करा. वजाबाकी येत नसेल तर तिच्याबरोबर शिका."

पण दोन महिने वजा करूनही सई दोन वर्षांची झाली, तरी नुसतं बोट दाखवायची. आजोबांचा आवाज जरा खाली आला. मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी तासभर दोघांना पाहिलं आणि म्हणाल्या, "आजोबा, प्रश्न तुम्ही विचारता, उत्तरही तुम्हीच देता. विचारा, आणि मनात दहा मोजा."

मनात मोजणं त्यांना जमेना. म्हणून हात पाठीमागे नेऊन ते एकेक बोट दुमडत. चौथ्या बोटाला चेहरा लाल व्हायचा, सहाव्याला खोकला यायचा.

एका संध्याकाळी गेटपाशी त्यांनी विचारलं, "सई, केळं हवं की पेरू?" आणि हात मागे नेले. माझ्या वडिलांना राहवेना. "केळंच द्या की, तिकडंच बघतीया."

"तुम्ही थांबा हो. तिचा नंबर आहे."

मी मागे उभा राहून बोटं मोजत होतो. नववं दुमडलं.

"केयं," सई म्हणाली.

आजोबांचे हात पाठीमागेच राहिले. केळं माझ्या वडिलांनीच सोलून दिलं.

आता सई शाळेत जाते आणि आजोबांना नुसतं 'हं' म्हणण्यापुरती जागा उरली आहे. मी कॉलेजात आहे, आमच्या घरातला पहिलाच. वर्गात सर प्रश्न विचारतात, मला उत्तर येतही असतं, पण शब्द जुळेपर्यंत सर पुढच्या बाकावर पोचलेले असतात. परवा गेटवर आजोबा भेटले. "काय रे, जमतंय का कॉलेज?"

मी अडखळलो. आजोबांनी हळूच हात पाठीमागे नेले.