कल्याणप्पाच्या घराचं पत्र्याचं दार

नळदुर्गात हायवेच्या कडेला कल्याणप्पाची सॉ मिल आहे. आसपासच्या गावांत नवं घर उभं राहिलं की त्याची चौकट आणि दारं-खिडक्या बहुतेक इथल्याच लाकडाच्या असतात. मिलच्या मागे भुशाच्या ढिगाला लागून कल्याणप्पाचं स्वतःचं घर, आणि त्या घराला दार मात्र पत्र्याचं. निळ्या रंगाचं, वारा सुटला की धडाधड वाजणारं. येणारेजाणारे चेष्टा करतात, "अप्पा, दुनियेला लाकडाची दारं अन् तुमालाच पत्रा व्हय?" कल्याणप्पाचं उत्तर ठरलेलं असतं, "लाकूड इकायला असतंय. घरात लावून बसलो तर खायाचं काय?" लोक हसतात आणि विषय संपतो. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक आहे, पण ते चारचौघांत सांगायची पाळी त्यानं कधी स्वतःवर येऊ दिली नाही.

माणूस वाईट नव्हे. कामाला चोख, शब्दाला पक्का, लग्नकार्याला पाचपन्नास खुर्च्या लागल्या तर मिलमधली बाकडी उचलून देणारा. पण जिभेला हाड नाही. चारचौघांत कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. कुणी गिऱ्हाईक लाकडाबद्दल दोन शब्द जास्त बोललं, की कल्याणप्पा असं काही बोलणार की सगळी मिल खदाखदा हसणार आणि ते गिऱ्हाईक कान चोळत उभं राहणार. अशी माणसं गावाला फार आवडतात. घरच्यांना काय वाटतं ते कुणी विचारायला जात नाही.

घरी आता तो आणि बायको शांताक्का, दोघंच. मुलगा मल्लेश पुण्याला एका कंपनीत लागला, तिथंच लग्न करून राहिला. सणाला येतो, दोन दिवस राहतो, जातो. "पोराला शहराचं वारं लागलं," असं कल्याणप्पा सगळ्यांना सांगत आला. शांताक्का काही बोलत नाही. ती एकूणच कमी बोलते. मिलकडे तर कित्येक वर्षांत फिरकलेली नाही. त्याचंही कल्याणप्पानं स्वतःपुरतं कारण शोधून ठेवलं होतं, बाईचे गुडघे दुखत असतील.

गेल्या हिवाळ्यात मोबाईलवर निरोप आला. ढोकीला लहान सॉ मिलवाल्यांचं दोन दिवसांचं शिबिर आहे, भाषणं नाहीत, प्रत्येकानं स्वतः काम करून बघायचं. शिबिर मंजुषा नावाच्या एका बाईच्या मिलवर होतं. वडील गेल्यावर तिनं त्यांची मिल हातात घेतली होती, बाहेर कुठं कुठं जाऊन शिकून आली होती, आणि आता आपल्याला आलेलं दुसऱ्यांना द्यावं असं तिच्या मनात होतं. लोहाऱ्याच्या बब्रुवानचा लगेच फोन आला. त्याची लोहाऱ्यात छोटी मिल आहे, आणि एका हाताला चारच बोटं आहेत.

"येताव का अप्पा? जेवण झकास हाय म्हणत्यात."

"बाई मला लाकूड कापायला शिकवणार व्हय?" कल्याणप्पा म्हणाला. "येतो. तिलाच चार गोष्टी शिकवून येतो."

आणि पहिल्या दिवशी झालंही तसंच. मशीनवर फिरणारा करवतीचा लांब पट्टा कसा ताणायचा, त्याला धार कशी लावायची, दात कसे फाकवायचे, हे सगळं चाललं होतं. कल्याणप्पानं खाली उतरवलेला एक पट्टा उचलला, नखानं टिचक्या मारत, आवाज ऐकत पुढे सरकला आणि एका जागी थांबला. "हितं चीर हाय," तो म्हणाला. कुणाला काही दिसेना. मंजुषानं कापडानं पुसून जवळून पाहिलं, तर दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. तो पट्टा मशीनवर चढवला असता तर तुटून कुणाच्या अंगावर आला असता. ती म्हणाली, "काका, आवाज कसा ओळखायचा ते सगळ्यांना परत दाखवा." कल्याणप्पानं दाखवलं. मग परत दाखवलं. जेवताना बब्रुवान म्हणाला, "आज अप्पाचं डोकं टोपीत मावत न्हाय." कल्याणप्पाला तेही आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कडुलिंबाचा एक ताजा ओंडका पडला होता. शेजारी एक बादली. तिच्यात शेणकाला, त्यात थोडा चुना कालवलेला.

मंजुषा सांगू लागली. ओल्या लाकडातलं पाणी टोकांकडून भराभर उडतं, मधल्या भागातून सावकाश. टोक आधी वाळतं, आक्रसतं, मधलं ओलंच असतं, आणि ह्या ओढाताणीत लाकूड फुटतं. म्हणून झाड पाडलं की त्याच दिवशी दोन्ही टोकं लिंपून बंद करायची. जुना ऑइलपेंट असला तर तो लावा, नसला तर शेण. मग फळ्या पाडायच्या, सावलीत आडव्या रचायच्या, दोन फळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या ठेवायच्या म्हणजे वारा खेळतो. तिनं दोन फळ्या पुढे आणून ठेवल्या. दोन्ही एकाच झाडाच्या, गेल्या उन्हाळ्यात पाडलेल्या. एक लिंपलेल्या ओंडक्याची, सरळसोट. दुसरी न लिंपलेल्याची, उन्हात टाकलेली. तिला टोकापासून हातभर तडा गेलेला आणि अंग पिळवटलेलं.

"आता एकेकानं हात घाला," ती म्हणाली.

बाप्ये एकमेकांकडे बघू लागले. सारवण हे काय पुरुषांचं काम! तेवढ्यात बब्रुवान बोलला, "बाई, लाकडाला सारवल्यावर म्होरं रांगोळी बी घालायची का?"

सगळे हसले. मंजुषा जराही न बिचकता म्हणाली, "घाला की. पण आधी सारवा." आणि स्वतःच बादलीत कोपरापर्यंत हात घातला.

कल्याणप्पा हसला नाही. हे असंच वाक्य त्यानं स्वतः एकदा म्हटलं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, स्वतःच्या मिलमध्ये.

तेव्हा हायवे रुंद होत होता आणि त्याच्या अंगणातला कडुलिंब आड आला होता. ते झाड शांताक्काचं. सीमेपलीकडच्या माहेराहून नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी तिनं ते लावलं होतं, आणि पाण्याचे हाल होते त्या दिवसांत भांडी घासल्याचं पाणी घालून जगवलं होतं. झाड तोडायचं ठरलं तेव्हा तिनं एकच मागणं मागितलं. ह्या लाकडाचं घराला दार करा. उभ्या संसारात तिनं फारसं काही मागितलं नव्हतं. कल्याणप्पा म्हणाला होता, "दोन फळ्यांचं करतो, कड्या पितळेच्या लावतो, मग बघ."

झाड पडलं. दुपारी शांताक्का शेणकाल्याची बादली घेऊन मिलमध्ये आली आणि ओंडक्याच्या टोकाला लिंपायला बसली. "माहेरी आमचे अप्पा नांगराचं लाकूड तोडलं की असंच करायचे," ती म्हणाली. तिथं गडी होते, ट्रकवाला होता, दोन गिऱ्हाईकं होती, कॉलेजातून आलेला मल्लेश होता. एवढे श्रोते मिळाल्यावर कल्याणप्पा गप्प बसतोय थोडाच! "अगं, लाकूड हाय ते, भिंत न्हवं," तो ओरडला. "सारवून झालं की रांगोळी घाल, तुळस बी लाव." मिल हसून लोटपोट झाली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण टाळी मिळाली की त्याला आणखी एक हवी असते. त्यानं पाण्याचा पाइप ओढला आणि तिनं लिंपलेलं टोक तिच्यासमोर धुऊन काढलं. शांताक्का उठली. बादली तिथंच ठेवून घरात गेली.

फळ्या पाडून त्यानं पत्र्याला टेकवून उन्हात उभ्या केल्या, लवकर वाळाव्यात म्हणून. आषाढ लागायच्या आत सगळ्या फुटल्या. एकही दाराच्या कामाची राहिली नाही. त्यानं त्या वीटभट्टीवाल्याला देऊन टाकल्या आणि घरात येऊन म्हणाला, "तुझ्या झाडाचं लाकूडच खोटं निघालं." मग सोलापूरहून पत्र्याचं दार आलं.

ढोकीच्या अंगणात हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. तरी मन मोठं चिवट असतं. त्यानं फुटकी फळी उचलली आणि मंजुषाला हळूच विचारलं, "कडुलिंब फुटतोच न्हवं पण? जातच तशी असंल त्याची."

"उन्हात टाकलं तर कुठलंही फुटतं काका," ती म्हणाली. "कडुलिंब तर बिचारा गुणाचा. ह्यात लाकडाचा काही दोष नाही."

तिला बापडीला काय माहीत, आपण काय बोललो ते. कल्याणप्पानं बाही वर केली आणि बादलीत हात घातला. टोक लिंपलं, मग दुसरं टोक लिंपलं, कुठं फट राहिली का ते बोटांनी चाचपून पाहिलं. बब्रुवान म्हणाला, "अप्पा, बोला की कायतरी, करमंना." कल्याणप्पानं बादलीतून आणखी एक मूठ घेतली.

परतीच्या एसटीत त्यानं मनाशी वाक्यं जुळवली. कुणाची माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे जुळायला वेळ लागला. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते, एरवी तो ड्रायव्हरच्या बरोबरीनं शिव्या देत बसला असता. आज त्याला उशीर झालेला बरा वाटत होता.

घरी पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. शांताक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. तो चप्पल काढून तिथंच भिंतीला टेकून बसला.

"शांता, ते शेणाचं तुझं बरोबर होतं."

"कंचं शेण?"

त्याला वाटलं होतं, एका वाक्यात भागेल. आता सगळं सांगावं लागलं. झाड, बादली, ट्रकवाला, रांगोळी. पाण्याच्या पाइपाशी येऊन तो थांबला. तिनं थापता हात थांबवला नाही, पण "म्होरं?" असं विचारलं, आणि त्यानं पुढचंही सांगितलं. लाकूड खोटं निघालं म्हणालो, तेही सांगितलं. मग म्हणाला, "चुकलं माझं. आता चांगलं लाकूड बघून दार करतो तुला."

ती रडेल, रागावेल, नाहीतर हसेल, असं त्यानं धरलं होतं. शांताक्कानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"दाराचं मला कायबी न्हाय वो," ती म्हणाली. "पत्र्याचं हाय तरी बंद व्हतंय, उघडतंय. त्या दिशी घरात आले अन् म्या ठरिवलं, ह्या मानसाला आपुन व्हऊन आता कायबी सांगायचं न्हाय. इचारलं तरच बोलायचं. तुमी कवा इचारलंच न्हाय."

बायको कटकट करत नाही, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगत आला होता. तेल संपलं, पाहुणे येणार आहेत, मीठ आणा, एवढं ती बोलत असे, आणि त्याला तोच संसार वाटत होता.

"मल्लेशला आपल्याच मिलमंदी मशीनवर बसायचं व्हतं," शांताक्का म्हणाली.

"कधी?"

"पुण्याला जायाच्या आदी. माज्यापाशी रडला. म्हनला, अप्पा समद्यांम्होरं माजी टर उडिवत्यात, म्या हितं ऱ्हात न्हाय. चार म्हैने माज्या पोटात व्हतं. तुमाला सांगितलं असतं तर थांबला असता पोरगा, कुनाला ठाव. न्हाय सांगितलं म्या. ती चूक माजी बी हाय."

शहराचं वारं. इतकी वर्षं सगळ्या नळदुर्गाला तो हेच सांगत फिरला होता. कल्याणप्पानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हाताला अजून शेणाचा वास होता. मग त्यानं विचारलं, "आणखी काय काय सांगितलं नाहीस?"

तिनं खरोखर आठवून पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी उलटली.

"पयल्यांदा लई व्हतं. दिसायचं, ओठावर यायचं, गिळून टाकायचे. मग हळूहळू दिसायचं बी बंद झालं. सांगायचंच नसलं की मानूस बगत बी न्हाय."

त्यात राग नव्हता. राग असता तर कल्याणप्पाला काहीतरी करता आलं असतं. दाराची माफी मागायला तो आला होता आणि दार तर तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. बाकीच्याची माफी कशी मागतात ते त्याला येत नव्हतं, आणि जे तिनं पाहिलंच नाही ते आता कुणाला विचारायचं?

"जेवताव न्हवं?" शांताक्कानं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठला.