कशासाठी, ते लिहा

"कशासाठी, ते लिहा," असं म्हणत मामा रजिस्टर पुढे सरकवायचे आणि 'काम' या रकान्यावर बोटाने टकटक करायचे. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात ते टूल स्टोअर सांभाळत; सगळे त्यांना मामाच म्हणत. एकदा जेवणाचा डबा उघडेना म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर मागितला, तर 'डबा उघडणे' असं लिहून सही करावी लागली. साहेबांचीही सुटका नव्हती. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा नियमवाला असेलच.

आणि घाबरट किती! पाल दिसली की स्टुलावर चढत. "मला लई भ्या वाटतं बाबा," हे सगळ्यांदेखत सांगायची त्यांना लाज नव्हती. आम्ही पोट धरून हसायचो.

मग ती दुपार आली. शहरात सकाळपासून तणाव होता. पेंटिंग खात्यातल्या एकाने मोबाइलवर काहीतरी वाईट टाकलंय, अशी आवई उठली. मजकूर आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. तो बिचारा रंगाच्या खोलीत आतून कडी लावून बसला, आणि आम्ही दहा-बारा जण लोखंडी गज मागायला मामांच्या खिडकीवर गेलो. आम्ही म्हणजे मीही. सगळ्यात पुढे. गेलो नाही तर उद्या माझंच नाव निघेल, ही भीती होती.

मामांनी आमचे चेहरे पाहिले. तरी रजिस्टर पुढे सरकलंच.

"मामा, येडेपणा करू नका! गज द्या," मागून कोणीतरी ओरडलं.

"देतो ना. काम लिही, सही कर, ने." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "मला लई भ्या वाटतं बाबा. पण रकाना कोरा ठेवून देणार नाय."

काय लिहू? मी पेन खाली ठेवलं आणि बाजूला झालो. दुसऱ्या कोणी ते उचललं नाही. एकाने जाता जाता खिडकीवर लाथ मारली, मामा दचकून मागे सरकले, पण गर्दी पांगली.

मग मामा बाहेर आले. "चल, त्याला घरी सोडून येऊ. एकट्यानं जायची माझी छाती नाय." मामांचा आवाज ऐकून त्याने कडी काढली. त्याला मधे घेऊन आम्ही गेटबाहेर पडलो. जालना रोडवर मागून मोटारसायकल आली की मामा माझं मनगट घट्ट धरायचे.

गेल्या वर्षी मामा गेले. फुलंब्रीला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो, तर तो पेंटिंगवालाही आलेला. माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "दादा, त्या दिवशी तुम्ही दोघं नसता तर माझं काय झालं असतं?"

मी त्या खिडकीवर कशाला गेलो होतो, हे मामांनी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगायचं तर मीच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि भीतीने पुन्हा मिटलं.